दिवसाचे ओलीत: पाच अश्वशक्तीच्या सौर पंपाचा दोन रब्बी हंगामांचा अनुभव

आर्वी तालुक्यात आमचे साडेचार एकर वावर आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेतून तेथील विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप बसला, आणि हरभरा व गव्हाचे दोन हंगाम त्यावर काढल्यानंतरच हे लिहीत आहे. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्ती, अशी योजनेची विभागणी आहे. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीचा दहा टक्के हिस्सा भरायचा असतो. अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांसाठी तो पाच टक्के आहे. आमच्याकडे 540 वॅटची नऊ पॅनेल, कंट्रोलर आणि पाणबुडी मोटर असा संच आहे. बॅटरी नाही, म्हणून ऊन आहे तोवरच पाणी आहे.

हा पंप चांगला आहे, आणि त्याचे पहिले कारण रात्र हे आहे. शेतीच्या लाइनला आठवड्याच्या पाळीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास वीज मिळत असे. रात्रपाळीत बाबा आणि मी टॉर्च व काठी घेऊन धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाबांधाने, पाइप बदलत असू. रानडुकरे, साप आणि बोर अभयारण्याच्या जंगलाकडून येणारे वाघ यांच्या धास्तीने आई पहाटेपर्यंत जागी राहत असे. शिवाय लाइन येताच ऑटो स्विच लावलेल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होत आणि डीपी, म्हणजे गावातले रोहित्र, जळे. मग नवीन डीपी येईपर्यंत हरभरा घाट्यावर, म्हणजे दाणे भरण्याच्या वेळेला, असूनही तहानलेला राहत असे. दोन हंगामांत आमच्या घरातून एकही माणूस ओलितासाठी रात्री बाहेर पडलेला नाही, आणि माझ्या हिशेबात ही गोष्ट वीजबिलाच्या आधी येते.

तरीही पंप घेताना जे कोणी सांगत नाही ते सांगणे आवश्यक आहे. डिसेंबरात सकाळी साडेआठला मोटर सुरू होते, पण स्प्रिंकलरच्या अठरा नोझलांपैकी विहिरीजवळची पाच-सहाच फिरतात. बाकीची नुसती ठिबकत उभी असतात. ऊन चढेल तशी एकेक जागी होते, आणि टोकाच्या धुऱ्यावरचे शेवटचे नोझल फिरायला पावणेदहा वाजतात. कमी उन्हात कंट्रोलर मोटरचा वेग उतरवतो. पाणी वेगाच्या प्रमाणात घटते, पण दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. वेग तीन चतुर्थांशावर आला की दाब जवळपास निम्माच उरतो, आणि स्प्रिंकलर तर दाबावरच चालतो. आता मी सकाळी अकरा नोझलांची लाइन लावतो आणि दहानंतर ती वाढवतो. ठिबकवर ही अडचण पुष्कळ कमी जाणवते.

दुसरा गैरसमज उन्हाळ्याचा. ऊन कडक म्हणजे पाणी जास्त, असे गावात सर्रास मानले जाते. पॅनेलची क्षमता 25 अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला ती साधारण एक तृतीयांश टक्का घटते. मे महिन्यात हवा 45 अंशांवर गेली की पॅनेलची काच 65 ते 70 अंशांपर्यंत तापते, म्हणजे सुमारे पंधरा टक्के क्षमता उष्णतेतच जाते. आमच्याकडे सर्वांत भरपूर पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळाले. कापूस वेचणी आणि तुरीच्या मळणीच्या दिवसांत काचेवर धूळ बसते. ती दर आठवड्याला भल्या सकाळी, काच थंड असताना, साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसावी.

सेवेबाबत मात्र मी नाराज आहे. पहिल्या हंगामात विहिरीत पाणी असतानाही कंट्रोलर कोरडी विहीर समजून मोटर बंद करू लागला. पुरवठादाराकडे तीन वेळा तक्रार नोंदवल्यावर अकराव्या दिवशी तंत्रज्ञ आला आणि वीस मिनिटांत दुरुस्ती करून गेला. योजनेत पाच वर्षांची देखभाल आणि विमा समाविष्ट आहे, परंतु गव्हाला अकरा दिवस थांबता येत नाही. पाया भरताना स्वतः उभे राहावे, हेही आग्रहाने सांगतो. आमच्याच शिवारात उथळ पायावरचा एक सांगाडा वादळात आडवा झाला आहे.

मला सर्वांत जास्त खटकते ते पंपाचे रिकामे बसणे. माझ्या वहीप्रमाणे गेल्या वर्षी पंप 131 दिवस चालला. उरलेले सगळे दिवस साडेचार किलोवॅटहून मोठा संच वावरात नुसता तापत राहिला. चंद्रपूरचे 2920 मेगावॅटचे औष्णिक केंद्र आणि कोराडी, खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची धुराडी ज्या विदर्भात आहेत, तेथे ही गोष्ट लहान नाही; कोळशाच्या विजेच्या प्रत्येक युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट देशाने 2021 मध्ये ग्लासगो येथे जाहीर केले आहे. पंपाबरोबरच कडबा कुट्टी आणि पिठाची चक्की चालवणारे सर्वोपयोगी कंट्रोलर तयार झाले आहेत आणि केंद्राच्या कुसुम या सौर पंपांच्या योजनेत त्यांना मान्यताही आहे. आमच्या संचात तो नाही. वीज-संशोधनाने शेतकऱ्यासाठी केलेले इतके उपयोगी काम वावरापर्यंत का पोहोचू नये, हे मी पुरवठादाराला लेखी विचारले आहे.

विहिरीचा विचारही करावा. वीज फुकट असली तरी पाणी फुकट नाही. पलीकडे वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात भूजल किती खोल गेले, ते आपण पाहतोच. मी दुपारी तीननंतर मोटर बंद ठेवतो, म्हणजे सकाळपर्यंत झऱ्यांनी विहीर भरते.

पाचपैकी चार गुण देतो. विहीर असेल आणि ठिबक लावायची तयारी असेल, तर अवश्य घ्यावा. पाण्याची हमी नसेल, तर आधी विहिरीचा गाळ काढावा आणि मगच अर्ज भरावा.