सेप्टिक टँक की दोन शोषखड्डे? नागपूरच्या कडेला घर बांधताना

बेसा, पिपळ्याकडे प्लॉट घेतलाय, दारापुढे गटार लाईन नाही, पाण्यासाठी बोअर मारायचंय. अशा वेळी संडासाचा निर्णय गवंड्यावर सोडू नका. तो सवयीने सेप्टिक टँकच सांगेल. बोअरचं पाणी मात्र तुमच्या घरची लेकरं पिणार आहेत.

आधी जमीन बघा. नागपुरात बऱ्याच ठिकाणी वर काळी माती, मग मुरूम आणि खाली काळा पाषाण लागतो. काळ्या मातीत पाणी फारसं जिरत नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरमात पाणी छान जिरतं. पाषाणाच्या भेगांतून मात्र मैलापाणी न गाळताच खाली उतरतं, आणि बोअरही त्याच भेगांतून पाणी ओढतं.

आता दोन खड्ड्यांचा संडास. यात मैल्याचं पाणी खड्ड्यातून जमिनीत जिरतं. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. तो साधारण 3 वर्षांनी भरला की मधल्या चेंबरातून पाणी दुसऱ्याकडे वळवायचं. पहिला किमान 2 वर्षं बंद ठेवला की आतल्या मैल्याचं खत होतं. फावड्याने काढता येतं, वास येत नाही. सेप्टिक टँकपेक्षा खर्चही कमी. पण याला दीड-दोन लिटर पाण्यात साफ होणारं, तीव्र उताराचं भांडं लागतं. मोठ्या टाकीचा कमोड बसवला किंवा न्हाणीघराचं पाणी यात सोडलं की सगळं गणित बिघडतं. आणि खड्ड्याचं बूड भर पावसाळ्यातल्या भूजलापेक्षा 2 मीटर तरी वर हवं. शेजारच्या विहिरीतलं पाणी मे महिन्यात नाही, सप्टेंबरात मोजा.

सेप्टिक टँकबद्दल मोठा गैरसमज आहे की त्यातून स्वच्छ पाणी निघतं. टँकमध्ये मैला फक्त खाली बसतो आणि थोडाफार कुजतो. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू असतातच, म्हणून टँक बांधला तरी शोषखड्डा लागतोच. आमच्या लेआउटमध्ये कित्येक घरांनी हे पाणी उघड्या नालीत सोडलंय आणि त्याच नालीकाठी मुलं खेळतात. याचा मला फार त्रास होतो. त्याहून वाईट सल्ला म्हणजे ‘बूड कच्चं ठेवा, टँक कधी भरणार नाही’. भरत नाही, कारण ते सगळं जमिनीत जातं. बूड पक्कंच करा, मधे भिंत घालून दोन कप्पे करा. पाच माणसांना आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि मीटरभर पाण्याची खोली पुरते, पण मग दर 2 वर्षांनी उपसा आलाच. सक्शन गाडी गल्लीत शिरेल का, हे बांधण्याआधी बघा. माणसाला आत उतरवायचं नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने, सुरक्षा साधनांशिवाय उतरवणं गुन्हा आहे, आणि आतल्या वायूने क्षणात जीव जातो.

माझं मत: मुरूम खोल असेल, भूजल खड्ड्याच्या बुडाहून बरंच खाली असेल आणि घरात साधं भांडं चालणार असेल, तर दोन खड्डे. काळी माती जाड असेल किंवा कमोड हवाच असेल, तर पक्क्या बुडाचा टँक. त्याचा शोषखड्डा मात्र मुरमापर्यंत न्या. पाषाण हाती लागला तर तिथे खड्डाच नको, दुसरा कोपरा शोधा. बोअरपासून दोन खड्ड्यांना 10 मीटर आणि टँकच्या शोषखड्ड्याला 18 मीटर हे कमीत कमी अंतर धरा, भेगाळ जमिनीत जमेल तितकं जास्त. मोजताना शेजाऱ्याचं बोअरही धरा. उद्या गटार लाईन आली तर जोडता यावं म्हणून एक चेंबर रस्त्याच्या बाजूला काढून ठेवा.

दोन्हीपैकी काहीही बांधलंत तरी नायट्रेट, म्हणजे मैल्यातून पाण्यात विरघळणारा क्षार, अडत नाही. दर पावसाळ्यानंतर बोअरचं पाणी तपासा, जंतूंसाठीही आणि नायट्रेटसाठीही. नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट तसंच राहतं. घरात वरच्या दुधावरचं बाळ असेल आणि आकडा याच्या वर गेला, तर त्या पाण्यात त्याचं दूध कालवू नका.