३२ हजारांचं ब्रोकरेज, अकरा महिन्यांनंतर

घर छान आहे, ते आधी सांगते. मुलुंड पूर्व, स्टेशन चालत, वन बीएचके, पाण्याची कटकट नाही. पण हा अनुभव घराचा नाही, ब्रोकरचा आहे. करार संपायला महिना उरला आणि त्याचा मेसेज आला: "मॅडम, रिन्यूअलचं ब्रोकरेज अर्धा महिना. मालकाकडूनही तेवढंच घेतो." घर तेच, मालक तेच, आम्ही तेच. मग १६ हजार कशाचे?

मुंबईचा रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे. भाडेकरूने एक महिन्याचं भाडं द्यायचं आणि ब्रोकर मालकाकडूनही घेतो. आमचं भाडं ३२ हजार, डिपॉझिट एक लाख. चावी मिळायच्या आधीच ३२ हजार गेले. त्याच कराराची स्टॅम्प ड्युटी बघा. अकरा महिन्यांचं भाडं, त्यात डिपॉझिटवर धरलेलं वर्षाचं दहा टक्के व्याज आणि या बेरजेच्या ०.२५ टक्के, म्हणजे हजाराच्या आसपास. नोंदणी फी आणखी एक हजार. माणूस मशीन घेऊन घरी येतो, अंगठे घेतो, काम झालं.

तरी पावसाळ्यापर्यंत माझं मत चांगलं होतं. बाथरूमचं पाणी खालच्या घरात गळायला लागलं, सेक्रेटरींनी नोटीस लावली, मालक काका पुण्यात. ब्रोकर स्वतः प्लंबर घेऊन आला, बिल काकांकडून वसूल केलं. सोसायटीची एनओसी आणि पोलीस व्हेरिफिकेशनही त्यानेच सुरुवातीला करून दिलं होतं. बहिणीलाही त्याचा नंबर दिला, पैसे वसूल झाले असंच वाटत होतं.

दिवाळीनंतर काका घर बघायला आले. चहा घेताना सहज म्हणाले, "तुम्ही ३० म्हणाला असतात तरी मी दिलं असतं. घर तीन महिने रिकामं होतं." आम्ही ३०च म्हणालो होतो! ब्रोकरला, दोनदा. दोन्ही वेळा उत्तर एकच: "काका एक रुपया सोडणार नाहीत." आमचा आकडा काकांपर्यंत पोचलाच नव्हता.

माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे. महिन्याला दोन हजार, अकरा महिन्यांचे २२ हजार. भाडं जितकं जास्त, तितकं त्याचं ब्रोकरेज जास्त, तेही दोन्हीकडून. मग तो आमच्यासाठी घासाघीस का करेल? आणि तो प्लंबर? तेही मालकाच्याच घराचं काम. एनओसी मालकाच्या सोसायटीची. करार नोंदवण्याची जबाबदारीसुद्धा १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाचीच. तो राबला, हे मी नाकारत नाही. पण राबला काकांसाठी, म्हणून पैसे काकांनीच द्यायला हवेत.

आमच्या सोसायटीत हे बोलले, तर एक काकू म्हणाल्या, "मालक ते भाड्यात चढवेल, तुला काय फरक?" फरक आहे. ३२ हजार अकरा महिन्यांत वाटले तर महिन्याला २,९०० होतात; डिपॉझिटच्या तोंडावर एकदम काढावे लागत नाहीत. शिवाय मालक चार ब्रोकरना विचारून दर पाडू शकतो. आवडलेलं घर ज्याच्या हातात आहे, त्याच्याशी भाडेकरू काय भांडणार? जर्मनीत २०१५पासून भाड्याच्या घरासाठी एजंटला ज्याने काम दिलं त्यानेच पैसे द्यायचे असा कायदा आहे. इंग्लंडने २०१९मध्ये भाडेकरूकडून एजंटची फी घेणं बंद केलं, न्यू यॉर्क शहरात २०२५च्या जूनपासून मालकाच्या ब्रोकरचे पैसे भाडेकरूवर टाकता येत नाहीत. आपल्याकडे रेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियमन ठेवणारा कायदा, त्यातली एजंट नोंदणी प्रकल्पातल्या घरांच्या खरेदी-विक्रीपुरती. भाड्याच्या दलालीला ती लागू नाही.

मात्र कुणी स्वतःहून ब्रोकरला सांगितलं, "मला ठाण्यात शाळेजवळ घर शोधून दे", तर ब्रोकरेज त्या भाडेकरूने जरूर द्यावं. तिथे काम त्याचं आहे.

आमचं रिन्यूअल काकांशी थेट बोलून झालं. भाडं तेच, नोंदणीचा खर्च अर्धा-अर्धा. ब्रोकरला १६ हजार देणार नाही असं स्पष्ट कळवलं. बहिणीलाही सगळं सांगितलं. तुम्ही घर बघत असाल तर टोकन द्यायच्या आधी रिन्यूअलचं ब्रोकरेज लागणार नाही हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, आणि भाड्याचा तुमचा आकडा मालक असलेल्या ग्रुपवरच टाका.