पोर्तुगालच्या डी७ व्हिसासाठी ठाण्यात कोणाला पैसे भरत असाल तर आधी हे वाचा

हे लिहायला मला चार महिने लागले. आमच्या ह्यांना कुठे बोललेलं नको होतं, आपलीच शोभा होईल म्हणाले. पण गेल्या आठवड्यात आमच्या पाचपाखाडीतल्याच एका ओळखीच्या जोडप्याने आम्हाला फसवलेल्या त्याच व्हिसा एजंटकडे टोकन भरल्याचं कळलं, मग म्हटलं आता गप्प बसायचं नाही.

हे रिटायर झालेत, पेन्शन आहे, कळव्याला आणि वर्तकनगरला दोन छोटे फ्लॅट भाड्याने दिलेत, एफडीचं व्याज येतं, सगळं मिळून महिन्याला एक लाख पंचेचाळीसच्या आसपास जमतं. एकुलती एक लेक जर्मनीत, नात दीड वर्षाची. टुरिस्ट व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, त्याच्यावर एक दिवस नाही, आणि जर्मनीत आईवडिलांना कायमचं बोलावून घेणं किती अवघड आहे ते लेकीने वकिलाकडून विचारून घेतलं होतं. व्हिडिओ कॉल संपायला आला की नात फोनच्या काचेला गाल लावायची. आम्ही कुठल्या मनःस्थितीत होतो ते कळावं म्हणून सांगतेय.

तीन हात नाक्याजवळ एका हॉलमध्ये त्या एजंटचं सेमिनार होतं, चहा-सामोसे, मोठा स्क्रीन, सूटबूट घातलेला माणूस, पण बोलणं एकदम घरगुती. काका-काकूंशिवाय हाक नाही. पोर्तुगालचा डी७ व्हिसा, तिकडे नोकरी करायची नाही, नुसतं पेन्शन, भाडं, व्याज असं बसून येणारं उत्पन्न दाखवायचं. २०२५ मध्ये एका माणसाला महिना ८७० युरो, म्हणजे तिकडचा किमान पगार, आणि नवराबायको असाल तर बायकोचे त्याच्या निम्मे, ४३५, एकूण १,३०५. ह्यांनी तिथेच मोबाईलवर हिशोब केला, बसत होतं. घरी येऊन लेकीला विचारलं, तिने शोधलं, म्हणाली हो आई, असा व्हिसा खरंच आहे. ते खरं निघालं म्हणून पुढचं आम्ही काहीच तपासलं नाही.

सगळ्यात मोठी थाप त्याने पहिल्याच दिवशी मारली होती. म्हणाला, "काकू, पोर्तुगालचं कार्ड हातात आलं की लेकीकडे बारा महिने राहा, सगळा युरोप एकच आहे, बॉर्डरवर कोण विचारतंय." ह्यांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा हेच उत्तर. खरी गोष्ट अशी की त्या कार्डावर जर्मनीसारख्या दुसऱ्या शेंगेन देशात जाता येतं पण तिथेही १८० दिवसांत ९० दिवसच, आणि वर पोर्तुगालमध्ये स्वतः राहावं लागतं, सलग सहा महिने बाहेर राहिलात तरी कार्ड धोक्यात येतं. म्हणजे त्याने प्रामाणिकपणे काम केलं असतं तरी आम्हाला जे हवं होतं ते मिळणार नव्हतं! पैशापेक्षा मला हे जास्त लागलंय. त्याला माहीत होतं आम्ही कशासाठी आलोय, आणि त्याने बरोबर तेच विकलं.

पैसे असे गेले. फी ३,७५,००० दोन हप्त्यांत. मग तिकडे घराचा करार दाखवावा लागतो म्हणून लिस्बनच्या पलीकडे आल्मादाला वनबीएचके, तीन महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट मिळून २,५०,०००, हे सगळं ठाण्यातल्याच त्याच्या करंट अकाउंटला आरटीजीएस केलं. पोर्तुगालच्या घरमालकाचं भाडं ठाण्याच्या खात्यात कशाला, हा प्रश्न तेव्हा आला नाही डोक्यात, आता रोज येतो. आणि ४०,००० अपॉइंटमेंटचा स्लॉट ब्लॉक करायला, कॅश. अपॉइंटमेंट अशी विकत मिळत नसते, कोणी मागितले तर तिथूनच उठा. पीसीसी, म्हणजे पोलिसांचा क्लिअरन्स दाखला, मात्र मी स्वतः वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन काढलं, ५०० रुपये फी, आणि तेव्हा तो माझ्यावर चक्क चिडला, "आमच्या थ्रू करायला हवं होतं." त्याच्या रेटकार्डावर पीसीसी आणि अपोस्टिल (कागद परदेशात चालावेत म्हणून मारून घ्यायचा सरकारी शिक्का) मिळून १८,००० होते. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे ५० रुपये आहे, वर एजन्सीचा थोडा सर्व्हिस चार्ज.

वाचलो ते बँकेतल्या एका मुलीमुळे. तिकडच्या खात्यात वर्षभराची रक्कम दाखवायची म्हणून १५,६६० युरो पाठवायचे होते, पंधरा लाखांच्या वर. एफडी मोडायला आणि परदेशी पैसे पाठवायचा ए२ फॉर्म भरायला आम्ही ब्रँचला गेलो. त्या मुलीने फॉर्म बघितला, मग माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "काकू, खातं तुमचंच ना? मग नाव कंपनीचं का आहे?" मी म्हटलं ते एस्क्रो आहे, म्हणजे पैसे मधे सांभाळून ठेवायचं खातं, त्याने तसंच पढवलं होतं. तिने पेनाची टोपी आयबॅन नंबरवर, म्हणजे तिकडच्या खाते क्रमांकावर, ठेवली आणि म्हणाली, "पोर्तुगालचा नंबर पीटी५० ने सुरू होतो, हा एलटी आहे, हे लिथुआनिया." आम्ही फॉर्म परत घेतला. हे बाहेर येऊन ब्रँचच्या पायरीवरच बसले. मी पाणी आणायला गेले, परत आले तर एफडीच्या पावत्या मांडीवर घेऊन तसेच बसलेले.

त्या रात्री सगळी फाईल स्कॅन करून लेकीला पाठवली. तिच्या ऑफिसात एक पोर्तुगीज बाई आहेत, त्यांनी अर्ध्या तासात वाचून काढली. आमच्या नावाने दिलेला एनआयएफ, म्हणजे तिकडचा टॅक्स नंबर, तो ५ ने सुरू होत होता. ५ ने सुरू होणारे नंबर कंपन्यांना देतात, माणसांना नाही. भाडेकरार टॅक्स ऑफिसात नोंदवलेलाच नव्हता, तिकडे घरमालकाला करार नोंदवून महिन्याच्या भाड्याच्या १० टक्के स्टॅम्प ड्युटी भरावी लागते आणि त्याची पावती निघते, ती पावती कुठेच नाही. आणि ज्या 'प्री-अप्रूव्हल' पत्राची आम्ही कलर प्रिंट काढून देवासमोर ठेवली होती ते एसईएफच्या, म्हणजे तिकडच्या इमिग्रेशन खात्याच्या, लेटरहेडवर होतं, तारीख मे २०२५. एसईएफ ऑक्टोबर २०२३ मध्येच बंद झालं, त्या जागी एआयएमए आलं. बंद पडलेल्या खात्याचं पत्र! आणि मुळात असं आधी अप्रूव्हल देणारं पत्र नसतंच, आधी इथून चार महिन्यांचा व्हिसा मिळतो, मग तिकडे गेल्यावर दोन वर्षांचं कार्ड.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो तर आधी गोड बोलणं, मग टीमची चूक झाली, मग "काका तुम्ही पॅनिक होताय", आणि शेवटी आवाज चढवून अ‍ॅग्रीमेंटमधला नॉन-रिफंडेबलचं कलम दाखवलं. लेकीने फोनवरून वकिलाचं नाव घेतलं तेव्हा एक लाख परत आले, बाकीचे ५,६५,००० अडकलेत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण तो फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, पुढे सरकायच्या आत, आमचे जाऊन अडीच महिने झाले होते. मग फसवणुकीची लेखी तक्रार दिली, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम. तक्रार देताना लक्षात आलं की व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने डिसअपिअरिंग मेसेज ऑन करून ठेवले होते, निम्मं बोलणं गेलंच. तुमचं कोणाशी असं काही चालू असेल तर आजच बघा ते ऑन आहे का, आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा.

ज्यांना खरंच जायचंय त्यांना जाऊ नका असं मी म्हणत नाही, व्हिसा खरा आहे, लोक जातात. फक्त खातं तुमच्या नावाने, करार तुमच्या आणि घरमालकाच्या मधे, भाडं थेट त्याच्या तिकडच्या खात्यात, आणि टॅक्स नंबर आला की तिकडच्या कोणाला तरी दाखवा. एजंटला फॉर्म भरायचे पैसे द्या, पण तुमचे युरो त्याच्या हातातून जाऊ देऊ नका.

काल त्या जोडप्याला भेटून आले. टोकनचे ५१,००० गेलेत, पुढचा चेक त्यांनी थांबवलाय. आता आम्ही पाच घरं झालोय, मिळून आर्थिक गुन्हे शाखेत जाणार आहोत. ठाणे, कळवा, ऐरोली, कुठेही कोणाकडे ते एसईएफचं पत्र असेल तर रागाने फाडून टाकू नका, मला कळवा. आमच्या पाचपैकी तीन पत्रांवर एकच रेफरन्स नंबर आहे, अजून कोणाकडे तोच निघतो का ते बघायचंय.