मिनॉक्सिडिलची बाटली: नऊ महिन्यांचा अभिप्राय

ज्या रबरबँडचे पूर्वी दोन वेढे पुरत, त्याचे चार वेढे द्यावे लागू लागले, तेव्हा केस विरळ झाल्याचे मला मान्य करावे लागले. वय ४८, पाळी कधी वीस दिवसांनी तर कधी दोन महिन्यांनी, आणि आरशात भांग दिवसेंदिवस रुंदावत चाललेला. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घेतले आणि त्यानंतरच २ टक्के मिनॉक्सिडिलचे लोशन लिहून दिले.

मुळात हे औषध रक्तदाबावरच्या गोळ्यांचे. त्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याचे लक्षात आल्यावर त्याचे लोशन झाले, आणि अमेरिकेत स्त्रियांसाठी त्याला १९९१ मध्ये मान्यता मिळाली. पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरू लागले की केसाच्या वाढीचा टप्पा आखूड होतो, पुरुषी संप्रेरकांचा जोर तुलनेने वाढतो आणि नवा येणारा केस आधीच्यापेक्षा बारीक निघतो. मिनॉक्सिडिल संप्रेरकांना हात लावत नाही, ते हा वाढीचा टप्पा लांबवते.

बाटली ६० मिलीची, सकाळ-संध्याकाळ एकेक मिली, म्हणजे बरोबर महिनाभराची. भांग पाडून कोरड्या टाळूवर थेंब सोडायचे, केसांवर नव्हे, हे सांगायला सोपे आहे. पहिल्या आठवड्यात माझे निम्मे औषध कपाळावर ओघळले. ते पुसायचे राहिले, तर कपाळाच्या कडेला लव वाढते, हे मी अनुभवाने सांगते. रात्री झोपण्याच्या दोन-तीन तास आधी लावावे लागते, नाहीतर ते उशीला लागते. आमच्या घरात मांजर आहे आणि तिला माझीच उशी प्रिय आहे. मांजरांना हे औषध विषारी असल्यामुळे आता तिला खोलीबाहेर काढून दार लावावे लागते, आणि तिने ते अजून मनावर घेतलेले नाही.

तिसऱ्या आठवड्यात गळती उलट वाढली. झोपी गेलेले, म्हणजे वाढ थांबलेले केस गळून नव्यांना जागा होते, हे बाईंनी आधी बजावले नसते, तर मी बाटली तिथेच फेकली असती. त्या दिवसांतले माझे गुंतवळ पाहून ‘केसांवर फुगे’ म्हणत फिरणाऱ्या फेरीवाल्यानेही खुशीने मोठा फुगा दिला असता. दीड महिन्याने गळती ओसरली. पाचव्या महिन्यात भांगाच्या दोन्ही कडांना पेरभर लांबीचे, कुठल्याही तेलापाण्याला न जुमानणारे ताठ केस उभे राहिलेले दिसले.

मात्र या बाटलीसाठी बाकीची सवय मोडावी लागली, आणि मला तेच अधिक जड गेले. शनिवारी रात्री टाळूवर भरपूर खोबरेल आणि रविवारी शिकेकाई, हा क्रम मी तीस वर्षे पाळला होता. टाळूवर तेलाचा थर असताना लोशन नीट मुरत नाही, आणि या वयात आधीच कोरड्या पडलेल्या टाळूला शिकेकाई आणखी कोरडे करते. खोबरेल मी सोडलेले नाही, कारण ते केसाच्या आत शिरून प्रथिनांची झीज कमी करते. आता ते न्हाण्याआधी तासभर फक्त खालच्या अर्ध्या केसांना लावते आणि आठवड्यातून दोनदा सौम्य शाम्पूने धुते.

तक्रारी दोन. लोशनमधल्या प्रॉपिलीन ग्लायकॉल या द्रावकामुळे मला पहिले दोन महिने खाज सुटत होती. खाज न थांबल्यास ते नसलेला फेस देता येईल, असे बाई म्हणाल्या होत्या. दुसरी तक्रार मोठी: वापर थांबवला, की मिळवलेले केस काही महिन्यांत जातात, म्हणजे विम्याच्या हप्त्यासारखा हा खर्च कायमचा आहे. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हे औषध वापरू नये, आणि हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

औषधाच्या दुकानात याच्या जोडीला बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आग्रहाने हातात ठेवल्या गेल्या, त्या मी परत केल्या. बायोटिनची कमतरता नसेल, तर त्यांचा फारसा उपयोग नाही, शिवाय त्यांच्यामुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

पाचपैकी चार गुण देते. रबरबँडचे वेढे अजून चारच आहेत, कारण केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात आणि भांगातले नवे केस अजून वेणीपर्यंत पोचलेले नाहीत.