प्रशासकीय न्यायाधीशांची संघटना: वर्गणी वसूल झाली का?

वर्गणीची आठवण करून द्यायला ही संघटना विसरत नाही, सर्टिफिकेट पाठवायला मात्र हमखास विसरते. रिन्यूअलचं मेल पाहून डोकं फिरलं म्हणून लिहितोय. माझं नाव घालत नाही. न्यूयॉर्कमध्ये आमची जमात लहान, उद्या यांच्यापैकीच कुणाशी तरी गाठ पडायची.

मी ओथमध्ये, म्हणजे न्यूयॉर्क शहराच्या प्रशासकीय सुनावणी कार्यालयात, तासावारी काम करणारा हिअरिंग ऑफिसर. फुटपाथ झाडला नाही, कचरा भलत्या वेळी बाहेर ठेवला, रेस्टॉरंटमधलं अन्न पुरेसं थंड नव्हतं, असली शहराची समन्सं ऐकतो. वर्गणी स्वतःच्या खिशातून, त्यामुळे डॉलरला डॉलर लावून बघणं आलंच.

मेंबर झालो ते मुख्यतः सीएलईसाठी, म्हणजे वकिलांच्या सक्तीच्या सततच्या शिक्षणासाठी. इथे मुरलेल्या वकिलालाही दर दोन वर्षांनी २४ क्रेडिट लागतात, त्यात ४ एथिक्सची, १ विविधतेचं, १ सायबर सुरक्षेचं. संघटनेचे वेबिनार सभासदांना फुकट. गणित सोपं होतं.

पण तो कोड! तुम्ही खरंच बसून ऐकलंत हे दाखवायला ऑनलाइन वेबिनारमध्ये मध्येच एक कोड सांगतात, तो टिपून परत पाठवायचा. नियम राज्याचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती कोड पुटपुटणाऱ्या गृहस्थांबद्दल. एकदाच सांगतात, तोही घसा खाकरत, आणि स्लाइड पुढे. मी चहासुद्धा आधी करून ठेवतो. कोड पाठवला, पोच आली, सर्टिफिकेट नाही. विचारलं तर म्हणे स्पॅम फोल्डर बघा. बघितला. मग म्हणे तुम्ही हजर होतात याचा काही पुरावा आहे का? अहो, तुमचाच कोड तुम्हालाच पाठवलाय की! हे सर्टिफिकेट चार वर्षं जपून ठेवायचं असतं. आधी हातात तर पडू दे.

इथपर्यंत लिहून एकच तारा देणार होतो. मग त्या कोडसाठी वही चाळली, वेबिनारची टिपणं दिसली आणि जरा नरमलो.

२०२४च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाचा जार्कसी निकाल आला. फसवणुकीबद्दल एसईसीला, म्हणजे केंद्राच्या शेअर बाजार नियामकाला, दिवाणी दंड हवा असेल, तर समोरच्याला ज्युरीचा हक्क आहे. झालं, कचऱ्याच्या समन्सवरही वकील मंडळी जार्कसी आपटू लागली. एका सत्रात निवृत्त न्यायाधीश बाईंनी दहा मिनिटांत गुंता सोडवला: निकाल सातव्या घटनादुरुस्तीवर उभा आहे, आणि ती दुरुस्ती राज्यांना, पर्यायाने शहरांना, लागू नाही. राज्याच्या संविधानातला ज्युरीचा हक्क हा वेगळा मुद्दा, तो वेगळा मांडा म्हणावं. आता मी शांतपणे तेवढंच विचारतो.

दुसरं सत्र दुभाष्यांवर. हे आपल्यासारख्यांना खास लागू. फोनवर फेरीवाला हिंदीत बोलतो, मला सगळं कळतं, आणि दुभाष्याने निम्मं गाळलेलंही कळतं. जीभ शिवशिवते. बाईंचं म्हणणं, परस्पर दुरुस्त करू नका, कारण रेकॉर्डवर जातं ते दुभाष्याचं इंग्रजी. तुम्हीच भाषांतर केलंत तर तुम्ही साक्षीदार झालात. शंका आली तर ती रेकॉर्डवर नोंदवा, प्रश्न पुन्हा विचारा, नाहीच जमलं तर दुभाषी बदला. हे मला ऑफिसमध्येही इतकं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं.

वार्षिक परिषदेचं विचारू नका, हॉटेलचा दर पाहून लॅपटॉप मिटला. आणि नुसतं वाचायलाच हवं असेल, तर १९७४ साली स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ ज्युडिशिअरीचं जर्नल पेपरडाइन विद्यापीठाच्या साइटवर चकटफू आहे. त्यासाठी कुठलीच वर्गणी भरू नका.

तीन तारे. रिन्यू करतोय, पण ऑटो-रिन्यूची खूण काढून. तुम्ही मेंबर झालात तर कोड दिसला की आधी फोनने स्क्रीनचा फोटो काढा, ऐकायचं नंतर. माझं सर्टिफिकेट अजून आलेलं नाही.