दुर्बीण आलीच नाही, बिल मात्र आलं

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ड्रेसिंग उघडलं आणि मी सवयीने टाके मोजले. सात. मनगटाच्या घडीपासून तळहाताच्या मधोमध, काळ्या दोऱ्याचे. ‘दुर्बिणीतून करू, ताई, मनगटावर जेमतेम एक-दोन टाके’ असं सांगून ज्याचे ३४,५०० रुपये वेगळे घेतले, त्याचे हे सात टाके. बत्तीस वर्षं ब्लाउज शिवतेय मी. कुठे कापलं, कुठे जोडलं हे मला कुणी समजवायला नको. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, ‘जखम छान भरतेय.’ भरत होतीच. माझं भांडण जखमेशी नव्हतं.

दुखणं खरं होतं हे आधीच सांगते, कारण ‘काही नसताना कापून घेतलं’ म्हणणारे आमच्या घरातच दोघं आहेत. उजव्या हाताची अंगठ्यापासूनची तीन बोटं आणि चौथ्याची अर्धी बाजू बधिर. करंगळी शाबूत. रात्री दोनला मुंग्यांनी जाग यायची, हात झटकत बसायची. सुई खाली पडली तरी बोटांना पत्ता नाही. आमच्या जुन्या डॉक्टरांनी मनगटं दुमडून मिनिटभर धरायला लावली आणि म्हणाले, मनगटातल्या बोगद्यात नस दबलीय, कार्पल टनेल. साखर आणि थायरॉइड तपासायला लावलं, रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला. तीन महिने लावला. पण अंगठ्याखालचा मांसल भाग बसत चालला, तेव्हा तेच म्हणाले, आता नस मोकळी करून घ्या, उशीर नको. इथपर्यंत मी काय चुकले, सांगा.

चुकले ती पुढे. मोबाइलवर ऑपरेशनचं नाव टाकलं, नंबर भरला, आणि दोन मिनिटांत एका मुलीचा फोन. गोड आवाज. तपासणी फुकट, न्यायला-आणायला गाडी फुकट, विमा कॅशलेस. धंदा तुम्हाला माहीतच असेल. दवाखाना त्यांचा नसतो, डॉक्टर त्यांचे नसतात. मधल्यामध्ये हे, पेशंटची ओळख करून देणारे. तेव्हा मला वाटलं, चिंचवडहून दोन बस बदलून जाण्यापेक्षा दाराशी गाडी येतेय, बरं आहे.

हिशेब लिहूनच टाकते. फाइल चार्ज १,५००. नसांची तपासणी, त्यांच्याच लॅबमध्ये, ३,२००. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी, सलाइन लागल्यावर, ‘कॅशलेसचं अप्रूव्हल अडकलंय, तुम्ही भरा, क्लेम आला की सगळे परत’ म्हणून ५८,०००. ते आमच्याकडे नव्हतेच. मग ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून आमच्या ह्यांच्या फोनवर ओटीपी मागितला. ते कर्ज होतं हे बँकेचा मेसेज आल्यावर कळलं. बारा हप्ते, ४,८३४चा एक. वर दुर्बिणीचा किट ३४,५००, तो स्कॅनरवर, मी हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर असताना. औषधं ४,८७०. एकूण १,०२,०७०. माझ्या भावजयीचं हेच ऑपरेशन नेहमीच्या पद्धतीने, हात तेवढा बधिर करून, १८,०००त झालं होतं. मी तिला आधी विचारलंसुद्धा नाही. साध्या अस्तराला पैठणीचे पैसे मोजून आले मी.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की रात्री झोप लागत नाही.

आत नेण्याआधी माझी फाइल स्ट्रेचरवर पायापाशी ठेवली होती. वरच्याच कागदावर एक रिकामा चौकोन आखलेला. मी आपली बोलायचं म्हणून सिस्टरांना विचारलं, इथे काय येतं? त्या म्हणाल्या, ‘वापरलेल्या सामानाचे स्टिकर. बॅच नंबर असतो ना, तो चिकटवतो.’ बाहेर आणलं तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होते, हातच तेवढा बधिर. फाइल तिथेच. चौकोन तसाच, कोरा. माझ्या डोळ्यांनी बघितला. सहज मनात आलं, अगं, किटचा स्टिकर कुठाय? विचारलंही. ‘लावतील नंतर.’ आणि मी गप्प बसले! शिलाईचे वीस रुपये कमी दिले तर मी गिऱ्हाइकाला दारात उभी करते, आणि चौतीस हजार पाचशेच्या स्टिकरसाठी माझी जीभ वळली नाही. का? डॉक्टर समोर होते, कपाळावरचा घाम पुसत. नुकतंच ज्यांनी आपला हात उघडलाय त्यांना पुरावा काय मागायचा, असं वाटलं. तुमच्यापैकी किती जणींनी मागितला असता?

घरी आल्यावर डिस्चार्ज कार्ड सुनेने वाचलं. त्यावर चक्क ‘ओपन’ लिहिलेलं, म्हणजे उघडं ऑपरेशन. बिलावर ‘एंडोस्कोपिक किट’, म्हणजे दुर्बिणीचा. दोन्ही कागद एकाच पाकिटात.

उघडं ऑपरेशन वाईट नसतं, हेही लिहिते. नंतर दुसऱ्या डॉक्टरांना हात दाखवला. ते म्हणाले, काम नीट झालंय, नस दाबणारी आतली पट्टी पूर्ण कापलीय. दुर्बिणीने कामावर थोडं लवकर जाता येतं, पण पुढे दोन्हींचा निकाल साधारण सारखाच. म्हणजे जे झालं ते चाललं असतं. जे झालंच नाही त्याचे पैसे गेले.

विम्याचं तर विचारूच नका. मी सकाळी आठला गेले, संध्याकाळी सहाला घरी. कंपनीला गेलेल्या कागदांत मी दोन दिवस दाखल, खोलीभाडं ९,०००, एकूण बिल १,४६,०००! चौकशीचा फोन आला, ‘किती दिवस होता?’ मी खरं ते सांगितलं. आठवड्यात पत्र, चुकीची माहिती दिल्यामुळे दावा नामंजूर. माझ्या पॉलिसीच्या डे-केअर यादीत हे ऑपरेशन आहे. एक दिवसही राहायची गरज नव्हती. कागद पाठवणाऱ्यांनी बिल फुगवलं आणि खोटारडी मी ठरले. सही माझीच. उजवा हात पट्ट्यात असताना डाव्या हाताने केलेली, कोऱ्या फॉर्मवर. करू नका. क्लेमच्या कोऱ्या कागदावर सही करू नका, हात कापलेला असो की नसो.

पोलिस ठाण्यात साडेतीन तास बाकावर बसवलं. मग साहेब म्हणाले, ‘ऑपरेशन झालं ना? हात बरा आहे ना? मग फसवणूक कसली?’ वर, डॉक्टरवर थेट गुन्हा घेता येत नाही, तज्ज्ञांचा अहवाल लागतो. अहो साहेब, तो निष्काळजीपणासाठी! मी कुठे म्हणतेय हात चुकीचा कापला? न वापरलेल्या वस्तूचं बिल लावलं म्हणतेय. दुकानदाराने दोन मीटरचे पैसे घेऊन एक मीटर दिला तर कापडतज्ज्ञ बोलावता का? ‘सिव्हिल मॅटर आहे, बाई.’ तिथून पालिकेत. तिथले म्हणाले, आम्ही दवाखान्याची नोंदणी बघतो, बिलं नाही. डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्यांना लिहिलं, तर शपथपत्र आणा, प्रती जोडा, आणि शेवटी, पैशाचा वाद आमच्या कक्षेत नाही. त्या फोनवाल्या मुलीची कंपनी म्हणते, आम्ही फक्त ओळख करून दिली. मग फाइल चार्ज कुणी घेतला, ओळखीने?

उपयोग झाला तो एका वकीलताईंचा. त्यांनी सांगितलं, दवाखान्याकडे उपचाराचे कागद लेखी मागा, ७२ तासांत द्यावे लागतात. दिले, नवव्या दिवशी. चौकोन अजून कोराच होता, हे माझं नशीब. मागून कुणी स्टिकर डकवला असता तर? म्हणून आधी फोटो काढून ठेवा, घरच्यांना सांगा काढायला. १९९५पासून डॉक्टरांची पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्यात येते. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. विम्यासाठी लोकपाल वेगळे, पुण्यात कार्यालय आहे, पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार लागते. सलाइन लागल्यावर कुणी नवा आकडा सांगितला तर सुई काढायला सांगा आणि घरी जा; हे ऑपरेशन त्याच तासाला करावं लागत नाही. सवलत म्हणून कुणी ओटीपी मागितला तर देऊ नका.

ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. पुढची तारीख २१ला आहे. रात्रीच्या मुंग्या गेल्या. तळहाताची कड अजून दुखते, कात्री जोरात दाबता येत नाही, त्यामुळे लग्नसराईतली अकरा ब्लाउजं परत केली. सुईत दोरा सध्या सून ओवून देते. सातवा हप्ता पाच तारखेला कापला गेला.