संकेतस्थळ कॉलेजचं, मालकी दुसऱ्याची

तालुक्याच्या कॉलेजात वेबसाइटचं काम कुणा ना कुणा प्राध्यापकाच्या गळ्यात पडतंच. आमच्याकडे ते माझ्याकडे आलं. मी वाणिज्य शाखेत शिकवतो आणि आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या राष्ट्रीय संस्थेसाठीच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, काम बघतो. आमची फसवणूक झाली तशीच आमच्या भागातल्या आणखी दोन कॉलेजांची झाल्याचं मला नंतर कळलं. तिथलेही प्राध्यापक माझ्यासारखेच, गप्प बसलेले. म्हणून हे सगळं तपशीलवार लिहितोय.

२०२१ च्या उन्हाळ्यात एक गृहस्थ संस्थेतल्या एका पदाधिकाऱ्यांची ओळख सांगत आले. बोलणं अदबीचं, हातात फाइल, पाठीवर लॅपटॉप. प्राचार्यांच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून त्यांनी साइट किती वेगाने उघडते ते मोजणारं गूगलचं ‘पेजस्पीड इनसाइट्स’ उघडलं आणि आमच्या साइटचा पत्ता टाकला. थोडा वेळ काहीतरी फिरत राहिलं आणि लाल वर्तुळात आकडा आला, २४. “सर, शंभरपैकी चोवीस. नॅकची माणसं कॉलेजात पाऊल ठेवायच्या आधी हे बघतात.” मग त्यांनी पत्त्याच्या डाव्या बाजूला ‘नॉट सिक्युअर’ असं लिहिलेलं दाखवलं. प्राचार्य सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते जे दाखवत होते ते खोटं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. आमची साइट खरंच वाईट होती. एका माजी विद्यार्थ्याने हौसेने करून दिलेली, पहिल्याच पानावर स्नेहसंमेलनाचे मोठमोठे फोटो, निम्म्या सूचना जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, त्यामुळे मोबाइलवर त्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं दिसायची. आमची मुलं खेड्यांतून येतात. घरी कॉम्प्युटर नाही, वडिलांचा नाहीतर भावाचा मोबाइल. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख त्यांना त्याच मोबाइलवर वाचायची असते. साइट सुधारायची गरज खरी होती. आमच्या खऱ्या गरजेवरच त्यांनी बोट ठेवलं, म्हणून संशयाला जागा उरली नाही.

कोटेशन १,३५,००० रुपयांचं. नवीन डिझाइन ६०,०००. होस्टिंग (साइट ठेवायची जागा) आणि डोमेन (साइटचा पत्ता) २१,०००. ‘नॉट सिक्युअर’ घालवणारं एसएसएल प्रमाणपत्र वर्षाला १८,०००. आणि ‘गूगलवर पहिला क्रमांक’ मिळवून द्यायचे वर्षाला ३६,०००. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं लागतात. उरलेली दोन त्यांनीच आणून दिली आणि आम्ही ती फाइलला लावली. ही चूक पूर्णपणे आमची.

काम सुरू झालं आणि एक दिवस त्यांचा फोन आला, “सर, जुनं डोमेन आपल्या खात्यात घेतोय, एक ओटीपी येईल तेवढा सांगा.” ते डोमेन माझ्या मोबाइल नंबरवर होतं. मी तासावर होतो. बाहेर व्हरांड्यात आलो, सहा आकडे वाचून दाखवले आणि परत वर्गात गेलो. बँकेचा ओटीपी मी घरच्यांनाही सांगत नाही. पण कॉलेजचं नावच त्या सहा आकड्यांनी दुसऱ्याच्या हातात जातंय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

महिन्याभरात साइट तयार झाली. दिसायला देखणी. सोबत दोन रंगीत प्रिंट होत्या, आधीचा निकाल २४, नंतरचा ९१ आणि हिरवं वर्तुळ. व्यवस्थापनाच्या बैठकीत त्या फिरल्या, सगळ्यांनी समाधान व्यक्त केलं, चेक निघाला. पुढच्या दोन्ही वर्षी बिल आलं की मी शेरा मारायचो आणि ते मंजूर व्हायचं.

२०२४ च्या जुलैत, प्रवेशाच्या गर्दीत, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत यायला कचरत होती. मग मोबाइल पुढे करून म्हणाली, “सर, आपल्या कॉलेजचं उघडलं तर हे येतंय.” पडद्यावर पत्त्यांचा जुगार होता, ‘आत्ता पैसे लावा’ म्हणणारा. मी माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर पत्ता टाइप केला तर साइट नीट उघडली. तिला म्हणालो, तुझ्याच मोबाइलमध्ये काहीतरी आहे. ती गेली. संध्याकाळी मी माझ्या मोबाइलवर गूगलमध्ये कॉलेजचं नाव शोधून त्या लिंकवर बोट ठेवलं, आणि तोच जुगार माझ्यासमोर उघडला.

साइटमध्ये घुसवलेला चोरटा कोड असाच वागतो. थेट पत्ता टाकून येणाऱ्याला खरं पान, गूगलवरून मोबाइलवर येणाऱ्याला जुगार. कॉलेजातली माणसं पत्ता टाइप करतात, त्यामुळे त्यांना काही कळत नाही. विद्यार्थी आणि पालक गूगलवरून येतात.

त्या रात्री मी गूगलमध्ये ‘साइट’ हा इंग्रजी शब्द, त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबं आणि जागा न सोडता आमचा पत्ता असं टाइप केलं. गूगलला त्या पत्त्यावरची माहीत असलेली पानं त्याने दिसतात. आमच्या विभागांची पानं होती आणि त्यांच्यामध्ये जुगाराची, कर्जाची, औषधांची शेकडो पानं. सगळ्यांवर पत्ता आमच्या कॉलेजचा. शिक्षणसंस्थेच्या पत्त्याला शोधयंत्रात वजन असतं, त्या वजनावर ही पानं वर चढतात. ज्या थीमवर, म्हणजे तयार साच्यावर, साइट उभी होती ती पैसे न भरता मिळवलेली चोरीची प्रत होती. अशा प्रतींमध्ये मागचं दार बहुतेक वेळा आधीच उघडं ठेवलेलं असतं. तिचे पैसे मात्र आमच्याकडून घेतले होते.

मग एकेक गोष्ट तपासत गेलो. जी साधनं वापरली ती सगळी फुकट आहेत आणि बी.कॉम.च्या मुलाला दहा मिनिटांत शिकवता येतील इतकी सोपी आहेत. म्हणूनच मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक केलं की प्रमाणपत्र कोणी दिलं ते दिसतं. आमचं ‘लेट्स एन्क्रिप्ट’ने दिलेलं होतं. ही ना-नफा संस्था आहे, २०१५ च्या अखेरीपासून ती सगळ्या जगाला विनामूल्य प्रमाणपत्रं देते. तेव्हा त्यांची मुदत ९० दिवसांची होती आणि सर्व्हर नूतनीकरण आपोआप करून घेई. त्याचे आम्ही वर्षाला १८,००० भरले. तीन वर्षं. क्रोम ब्राउझर २०१८ च्या जुलैपासून प्रमाणपत्र नसलेल्या साइटवर ‘नॉट सिक्युअर’ दाखवायला लागला, तेव्हापासून ही भीती विकणारे गावोगाव फिरतायत. प्रमाणपत्र हवंच, ते बसवून देण्याची मजुरीही कुणी जरूर घ्यावी. पण फुकटच्या वस्तूची किंमत म्हणून १८,००० घेणं ही लुबाडणूक आहे.

नंतर त्या दोन रंगीत प्रिंट फाइलमधून काढल्या. २४ च्या वर्तुळावर ‘मोबाइल’ असं लिहिलेलं होतं आणि ९१ च्या वर्तुळावर ‘डेस्कटॉप’. बारीक अक्षरात, पण स्पष्ट. पेजस्पीड दोन्ही निकाल वेगवेगळे दाखवतं आणि मोबाइलचा आकडा बहुधा कमीच असतो. आम्हाला आधीचा मोबाइलचा आणि नंतरचा डेस्कटॉपचा दाखवला होता. नव्या साइटचा मोबाइलचा निकाल मी स्वतः काढला, तो ३१ आला. तीन वर्षं ती प्रिंट माझ्या कपाटात होती आणि मी ती कधी निरखून पाहिली नव्हती.

‘पहिला क्रमांक’ म्हणजे आमच्या कॉलेजचं पूर्ण नाव, गावासकट टाइप करून दाखवणं. तसं शोधलं तर कुठलंही कॉलेज पहिलंच येणार. गूगल स्वतः सांगतं की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, आणि जाहिरात सोडली तर वर दाखवण्याचे ते पैसे घेत नाही. साइटवर काय बिघडलंय, चोरटी पानं घुसली आहेत का, हे गूगलचं ‘सर्च कन्सोल’ विनामूल्य कळवतं, फक्त ते खातं आपलं असावं लागतं. आमचं त्यांच्या जीमेलवर होतं. धोक्याच्या सूचना आल्या असतील तर त्यांच्याकडेच गेल्या.

सगळ्यात शेवटी ‘हू-इज’ पाहिलं. डोमेनची नोंद कुणाच्या नावावर आहे ते त्यात शोधता येतं. आमच्या डॉट इन पत्त्यापुढे नोंदणीधारक म्हणून त्यांच्या फर्मचं नाव होतं. कॉलेजचं कुठेच नव्हतं.

मी फोन केला. भांडलो नाही, फक्त सगळे पासवर्ड मागितले. “सर, मागची थकबाकी आणि मायग्रेशन चार्ज मिळून पंच्याऐंशी हजार होतील,” असं उत्तर आलं. कसलीही थकबाकी नव्हती. तीन दिवसांनी साइट बंद.

बाहेरच्या माणसाला वाटेल, साइट बंद पडली तर काय एवढं. नॅकला दरवर्षी जो एक्यूएआर (वार्षिक गुणवत्ता अहवाल) जातो त्यात पुराव्यांच्या जागी साइटवरच्या लिंक दिलेल्या असतात. बैठकीची इतिवृत्तं, विद्यार्थ्यांचे अभिप्राय, कार्यक्रमांचे अहवाल, सगळं. आम्ही तीन वर्षांत भरलेल्या त्या लिंक एका दिवसात मेल्या. पडताळणी करणाऱ्याने क्लिक केलं तर समोर काही नाही. आणि प्रवेशाची दुसरी यादी लावायची होती त्याच आठवड्यात साइट नाही. यादी फलकावर लागली. ती बघायला मुली तीस-तीस किलोमीटरवरून एसटीने आल्या, नाव नसलेल्या तशाच परत गेल्या. त्यांतल्या दोघींना मी फाटकापाशी पाहिलं. तिकिटाचे पैसे वाया गेले म्हणून एक दुसरीची समजूत काढत होती.

आम्ही पैसे दिले नाहीत. १९३० या हेल्पलाइनवर आणि सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, पोलिसांकडे लेखी अर्जही दिला. करारच नसल्यामुळे प्रकरण पुढे सरकलेलं नाही. डॉट इन पत्त्याच्या वादासाठी स्वतंत्र लवादाची सोय आहे, पण त्यात वेळ आणि खर्च घालण्यापेक्षा नवा पत्ता घ्यावा असं संस्थेने ठरवलं.

इथे एक गोष्ट कळली ती आधी कळायला हवी होती. ‘डॉट एसी डॉट इन’ आणि ‘डॉट ईडीयू डॉट इन’ हे पत्ते फक्त शिक्षणसंस्थांना मिळतात आणि त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाखालची ‘अर्नेट इंडिया’ हीच संस्था करते. संस्थाप्रमुखांचं पत्र आणि मान्यतेची कागदपत्रं लागतात. कुणी मध्यस्थ तो पत्ता आपल्या नावावर घेऊ शकत नाही. तुमच्या कॉलेजकडे हा पत्ता नसेल तर आधी तो घ्या, डिझाइनचं नंतर बघा.

जुना मजकूर परत मिळाला तो दोन जागांहून. इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये आमची बरीच पानं जपलेली होती. त्यातून शिक्षकांची माहिती आणि काही इतिवृत्तं उतरवून घेतली. पण पीडीएफ तिथे थोड्याच होत्या. आमच्या ग्रंथपाल मॅडमना साइटवर चढवलेली प्रत्येक फाइल एका पेनड्राइव्हवर वर्षवार ठेवायची सवय होती. कुणी सांगितलं नव्हतं. पेनड्राइव्हला दोरा बांधून त्यावर वर्षाची चिठ्ठी. त्या तीन पेनड्राइव्हमुळे आमचं कॉलेज वाचलं.

नवी साइट साधी आहे. फोटो कमी, सगळा मजकूर कुठल्याही मोबाइलवर नीट दिसणाऱ्या युनिकोडमध्ये, सूचना पहिल्या पानावर. मोबाइलचा निकाल ८२ आहे आणि तो दर महिन्याला दोन विद्यार्थी स्वतः काढतात. डोमेन, होस्टिंग, सर्च कन्सोल ही तिन्ही खाती कॉलेजच्या ईमेलवर, कॉलेजच्या मोबाइल नंबरवर आहेत आणि पासवर्ड सीलबंद पाकिटात प्राचार्यांच्या तिजोरीत. ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, समोरच्याला लॉगिन हवं असेल तर त्याने आमच्या ऑफिसात, आमच्यासमोर बसून काम करायचं. त्या विद्यार्थिनीला मी बोलावून घेतलं आणि तिचं म्हणणं खरं होतं हे वर्गासमोर सांगितलं.

जुना पत्ता अजून त्यांच्याच ताब्यात आहे. यंदाच्या प्रॉस्पेक्टसच्या उरलेल्या प्रतींवर तो छापलेला होता, शिपाईमामांनी प्रत्येक प्रतीवर नव्या पत्त्याची पट्टी चिकटवली. पण आधी वाटलेल्या प्रती गावोगावी घरांत आहेत आणि त्यांच्यावर फी भरण्याची लिंकही त्याच पत्त्याची आहे. तुमच्या ओळखीत आमच्या भागातलं कुणी मूल असेल तर त्याला एवढं जरूर सांगा, की फी ऑनलाइन भरण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात एक फोन करून पत्ता विचारून घे.